फोनवर ‘वचन’ म्हणून येणाऱ्या गोष्टींची पारख कशी करावी?

पलासियाकर (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त.

इंदुरातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांची रविवारची उपासना हिंदीत होते, घरातली प्रार्थना मराठीत होते आणि प्रवचने मात्र आता आठवडाभर फोनमधून येत राहतात, कुठल्याही देशातून आणि कुठल्याही पंथाची. एकाच सकाळी एकाच गटावर एक बंधू आजार बरे करण्याच्या सभेची चित्रफीत पाठवतात, दुसरे जगाच्या अंताची तारीख पाठवतात, आणि एक भगिनी ‘मनापासून मागा, विश्व तुम्हाला देईल’ असा मजकूर बायबलमधल्या एका संदर्भासह पाठवतात. तिन्हींखाली आपण सारखेच ‘आमेन’ लिहितो. यांत देवाचे काय, माणसाचे काय आणि निव्वळ बाजाराचे काय, हे ओळखायचे कसे, यावर नीट बोलता यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

चर्चा हवेत राहू नये यासाठी एक प्रसंग मांडतो. सुखलियातल्या एका घरी गुरुवारची प्रार्थनासभा होती. पाळकांना येणे जमले नाही, म्हणून दोन गीते झाल्यावर घरच्या मुलाने फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केला आणि एका दूरच्या उपदेशकाची थेट चाललेली सभा लावली. उपदेशक म्हणाला की ऐकणाऱ्यांपैकी एका घरात साखरेचा आजार आहे आणि तो या क्षणी नाहीसा झाला आहे. मधुमेह आज कुठल्याही खोलीत कोणाला ना कोणाला असतोच, पण त्या वेळी हे कोणाच्या मनात आले नाही. लगेच पुढच्या वाक्यात त्याने सांगितले की हा शब्द ज्यांना आपला वाटतो त्यांनी सभा संपण्याआधी ‘विश्वासाचे बीज’ पेरावे. पडद्याच्या कोपऱ्यात पैसे पाठवण्याचा क्यूआर कोड आला आणि त्याच्याखाली उलटी मोजणी करणारे घड्याळ सुरू झाले. खोलीतल्या एका काकूंनी सुनेला पैसे पाठवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. पुढे त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. आता त्या बऱ्या आहेत.

या प्रसंगात मला सर्वांत बोलके वाटते ते घड्याळ. थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, प्रेषित पौल लिहितो की सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते घट्ट धरा. बिरुया नगरातल्या लोकांची नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्तुती आहे, ती त्यांनी पौलाचे लगेच मानले म्हणून नाही. तो सांगतो तसेच शास्त्रात आहे की काय हे त्यांनी दररोज शोधून पाहिले म्हणून आहे. दररोज म्हणजे एका बैठकीत नव्हे, आणि ते लोक हे एकेकट्याने आपापल्या कोपऱ्यात बसून करत नव्हते. खुद्द प्रेषिताच्या बोलण्याला जर तपासाचा अवकाश होता, तर ज्या बोलण्याला तो अवकाश द्यायचाच नाही असे आधीच ठरवलेले आहे, त्याविषयी आपण सावध का होऊ नये?

माझे मत असे की आत्मिक पारखेला वेळ लागतो आणि सोबत लागते, आणि आजची माध्यमे नेमक्या याच दोन गोष्टी आपल्याकडून काढून घेतात. प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा असतो आणि प्रत्येक पडद्यावर ‘आत्ताच’ असे लिहिलेले असते. आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.


शब्बाथशाळा_शिक्षिका

पलासियाकर दादा, विषय काढलात ते फार बरे झाले. मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते आणि हा गोंधळ दर आठवड्याला पाहते.

नव्या वर्षाच्या रात्री बहुतेक घरांत वचनाचे कार्ड येते आणि त्यावर हमखास यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ असते, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, या अर्थाचे. वचन खरेच आहे आणि त्याचा आधार वाटणेही योग्य आहे. पण मुलांना मी एकच ओळ वाचू देत नाही. अठ्ठावीस आणि एकोणतीस असे दोन्ही अध्याय वर्गात मोठ्याने वाचून घेते, कारण हे सांत्वन कोणाला, केव्हा आणि कोणत्या वादाच्या मध्यात दिले गेले हे तिथेच कळते.

अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की बाबेलच्या राजाचे जोखड देवाने मोडले आहे आणि बाबेलला नेलेली मंदिराची पात्रे व यहूदी बंदिवान दोन वर्षांच्या आत परत येतील. तोही ‘सेनाधीश परमेश्वर असे म्हणतो’ याच शब्दांनी सुरुवात करतो. त्याचे भाकीत ऐकायला गोड होते आणि देशभक्तीचेही होते. यिर्मयाचे पत्र मात्र बंदिवानांना सांगते की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात नेले गेले आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या बोलण्याला भुलू नका, आणि सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आपले कार्डावरचे वचन या सत्तर वर्षांच्या वाक्याला लागून येते. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकले त्यांतले बहुतेक प्रौढ परतीचा दिवस पाहणार नव्हते. त्यांना मिळालेली आशा त्यांच्या नातवंडांची होती.

मुले हे ऐकून गप्प होतात, पण निराश होत नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. गेल्या परीक्षेत अपयश आलेला एक मुलगा म्हणाला की, मग देव मला या वर्षी विसरला असे नाही. कार्डावरच्या सुट्या ओळीने त्याला वर्षभर उलटेच वाटत आले होते.

‘विश्व देईल’ या मजकुराबद्दलही एक सांगते. मुलांना त्यात आणि प्रार्थनेत फरक दिसत नाही, कारण दोन्हींत मागणे आहे. मी त्यांना गेथशेमाने बागेतली प्रार्थना वाचायला लावते. येशू तिथे स्पष्ट मागतो की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि त्याच श्वासात म्हणतो की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. विश्वाला असे म्हणता येत नाही, कारण विश्वाला इच्छा नाही, आणि म्हणून तिथे शेवटी आपलीच इच्छा उरते.


नवा_विश्वासी

मी वयाने लहान आहे, तरी स्पष्ट लिहितो. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून मनात भीती येते की पारखेच्या नावाखाली आपण पवित्र आत्म्यालाच दार बंद करणार आहोत. पलासियाकर काकांनी थेस्सलनीकाच्या पत्रातले वाक्य दिले, पण त्याच्या आधीची दोन वाक्ये दिली नाहीत. आत्म्याला विझवू नका, आणि संदेशांचा धिक्कार करू नका, असे पौल आधी म्हणतो. मग पारख करा म्हणतो.

दुसरे असे की माणसे फोनवरच्या सभेकडे का वळतात याचाही विचार व्हावा. माझे वडील दोन महिने अंथरुणावर होते. आमच्या मंडळीतून कोणी आले नाही. रात्री वडिलांना झोप लागत नसे तेव्हा आई फोनवर एका प्रार्थनागटाला जोडली जाई आणि तिथे कोणीतरी वडिलांचे नाव घेऊन प्रार्थना करत असे. त्या लोकांचे सगळे शिक्षण बरोबर होते असे माझे म्हणणे नाही. पण त्या रात्री ते होते आणि आपण नव्हतो. जी मंडळी आजाऱ्याच्या घरी जात नाही तिने त्याच्या फोनमध्ये काय चालले आहे याची चौकशी कोणत्या अधिकाराने करावी?


पलासियाकर (धागाकर्ता)

भाऊ, तुमचा दुसरा मुद्दा मी प्रथम घेतो, कारण तो अधिक जड आहे आणि तो पूर्णपणे खरा आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावे आणि त्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. म्हणजे आरोग्यासाठीची प्रार्थना ही मुळात ओळखीच्या माणसांनी घरात येऊन, उशाशी बसून करायची गोष्ट आहे. आपण ते करत नसू, तर दूरच्या उपदेशकावर टीका करण्याचा आपला हक्क फारच कमी उरतो. पारखेला सोबत लागते असे मी लिहिले; सोबत न देता पारख मागणे हा अन्याय आहे.

पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत होऊन थोडे पुढे जातो. ती तीन वाक्ये एकत्रच वाचली पाहिजेत. जो काहीच ऐकत नाही त्याला पारख करण्याची वेळच येत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आत्मिक जागरण झाले. मुली मोठमोठ्याने रडत, तासन्तास प्रार्थना करत, आणि बाहेरच्या अनेक सुशिक्षित ख्रिस्ती लोकांना ते पसंत नव्हते. रमाबाईंनी ते दडपले नाही. परंतु त्याच रमाबाई इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींना पत्रातून ठामपणे कळवत होत्या की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. आणि पुढे त्यांनीच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत शास्त्रे कोळून प्यायलेल्या बाईला या एका फरकाची पारख व्हायला आठ वर्षे लागली. आत्म्याला मोकळीक आणि माणसाच्या अधिकाराला प्रश्न, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि रमाबाईंत त्या होत्या म्हणूनच मुक्तीतल्या जागरणाकडे आपण आजही आदराने पाहतो.

शिक्षिकाताईंनी दिलेल्या अध्यायांत मला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. हनन्याने ते गोड भाकीत केले आणि मग यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जोखड सर्वांदेखत मोडले, तेव्हा यिर्मयाने काय केले? भाकीत ऐकून आधी तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसे करो. मग आठवण दिली की शांतीचे भाकीत करणाऱ्याचा शब्द खरा ठरेल तेव्हाच तो देवाचा संदेष्टा म्हणून ओळखला जाईल. जोखड मोडल्यावर तो उलट न बोलता निघून गेला. देवाचे उत्तर त्याला नंतर मिळाले आणि तेव्हा तो परत आला. खऱ्या संदेष्ट्यालाही उत्तरासाठी थांबावे लागले. खोट्याला थांबावे लागले नाही.


उदयनगरची_वाट

मी इंदूर धर्मप्रांतातली कॅथलिक आहे. आमच्याकडे या विषयाचा फार जुना अभ्यास आहे, त्यातले थोडे मांडते.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा सरदार १५२१ साली पॅम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडून अनेक महिने अंथरुणाला खिळला. त्याला शौर्यकथा वाचायच्या होत्या, पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे एवढीच पुस्तके मिळाली. पडल्यापडल्या तो कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने पाही, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्नांत रमताना सुख सारखेच होते. फरक नंतर पडे. पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे आणि अस्वस्थ होई, दुसरी ओसरल्यावरही शांत राही. हे त्याच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला, आणि पुढे त्याने पारखेचे जे नियम लिहिले त्यांचे मूळ या निरीक्षणात आहे. ऐकताना काय वाटले, यापेक्षा ऐकून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने मनात काय उरले हे पाहावे, असे त्यातून मी शिकले.

त्याच्या नियमांतला एक तर प्रत्येक घरात सांगितला जावा असा आहे. मन काळवंडलेले असेल, प्रार्थना होत नसेल, देव दूर गेल्यासारखा वाटत असेल, अशा दिवसांत आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. फोनवरच्या अनेक संदेशांचा रोख अशाच दिवसांतल्या माणसांकडे असतो, नोकरी गेलेल्या, लग्न मोडलेल्या, घरात मृत्यू झालेल्या. दुसरा नियम असा की वाईट प्रेरणा पुष्कळदा चांगल्या विचाराचे रूप घेऊन येते, म्हणून विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही पाहावेत. उपवासाने सुरू झालेली गोष्ट जर घरातल्यांविषयी तिरस्कारात संपत असेल, तर वाटेत कुठेतरी फाटा फुटला आहे.

झाड फळावरून ओळखावे असे प्रभूने सांगितलेच आहे आणि आपल्याला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सिस्टर राणी मरिया उदयनगर भागात सावकारांच्या कर्जात अडकलेल्या गरीब शेतमजुरांसोबत काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला येत असताना वाटेत त्यांना भोसकून मारण्यात आले. त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि कुटुंबाने त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मरियांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्याचा विधी झाला. खून आणि हा विधी यांच्यामध्ये बावीस वर्षे आहेत. एवढा वेळ घेऊन ख्रिस्तसभेने त्या जीवनाची परीक्षा केली. मी एखादी प्रेरणा ख्रिस्ताची आहे का असे स्वतःला विचारते, तेव्हा ती राखी माझ्यासमोर असते. अशा गोष्टीकडे आपले मन आपसूक वळत नाही.


परिचारिका_परदेशीपुरा

पहिल्या प्रतिसादातल्या काकूंसारख्या रुग्ण मी वॉर्डात पाहते, त्यामुळे थोडक्यात पण कळकळीने लिहिते.

बरे होण्याची प्रार्थना मी स्वतः करते, रात्रपाळीत तर नक्कीच करते. पण गोळ्या बंद करणे म्हणजे विश्वास, हे शिक्षण नव्या करारात कुठे आहे ते मला कोणी दाखवावे. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिमाला आपण मिलेतात आजारी ठेवून आलो असे तोच लिहितो. एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता. लूकचा उल्लेख तर प्रिय वैद्य असाच आहे. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्या प्रेषिताचे सहकारी आजारी पडत होते, आणि त्यांच्या विश्वासात खोट आहे असे तो एकदाही म्हणत नाही.

इन्सुलिन अचानक सोडल्यावर काहींना सुरुवातीला लगेच त्रास जाणवत नाही, आणि तेवढ्या काळात साक्ष देऊन होते. रक्तातली साखर धोक्याच्या पातळीवर जाते तेव्हा ती साक्ष परत घेणारे कोणी नसते. म्हणून कोणालाही आपण बरे झालो असे वाटले तर देवाचे आभार मानावेत, औषध चालू ठेवावे, तपासणी करावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच मात्रा कमी करावी. प्रभूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर त्यालाही जाऊन स्वतःला याजकाला दाखव असेच सांगितले, आणि त्या काळी ती तपासणी याजकाकडे होती.


रामबागेतला_वाचक

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे आणि हा धागा आदराने वाचतो आहे. आमच्याकडेही फोनवर रोज नवे महाराज येतात, त्यामुळे प्रश्न परका वाटत नाही.

दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. तुकोबा म्हणतात, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी पसंत केले यावर आज सगळे ठरते, त्या काळात ही ओळ मला फार आधाराची वाटते. मग आपल्या चर्चेत स्वतःच्या मनाच्या साक्षीला जागा आहे की नाही? आपण सोबतीवर फार भर देता, पण सोबत म्हणजेही बहुमतच होऊ शकते. दुसरी गोष्ट, जे ख्रिस्ती नाही ते सर्व सैतानाचे, अशी पारख मी काही उपदेशकांच्या तोंडून ऐकली आहे. आपण सर्वांना तेच म्हणायचे आहे का?


पलासियाकर (धागाकर्ता)

आपला प्रश्न या धाग्याला हवाच होता. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. नाही, मला तसे म्हणायचे नाही. पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने तिथल्याच कवींच्या ओळी घेऊन देवाविषयी सांगितले. फिलिप्पैच्या मंडळीला तो लिहितो की जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध असेल त्याचे मनन करा. आमचे नारायण वामन टिळक तर सांगत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, पण त्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. ते वाचत राहिले, शंका लिहून पाठवत राहिले, आणि मग १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाने तुकोबांची ओळ ऐकून तिला परकी म्हणणे हे टिळकांना नाकारण्यासारखे होईल.

मनाच्या साक्षीला जागा आहे, आणि मोठी आहे. रमाबाई तरी दुसऱ्या कशाच्या बळावर उभ्या होत्या? पण इब्री लोकांस पत्रात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की प्रौढ ते, ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना चांगले आणि वाईट ओळखण्याचा सराव झाला आहे. मनाला साक्षीला उभे करायचे तर त्याला आधी सराव हवा. तुकोबांच्या मनाने भंडाऱ्यावर किती काळ तो सराव केला असेल! माझे मन दिवसभर पडद्यावरच्या पसंत्यांवर पोसलेले असेल, तर ते जी ग्वाही देईल ती बहुमताचीच असेल, फक्त मला ती स्वतःची वाटेल.

हा सराव कसा असतो याचे एक जुने वर्णन मला आपल्या सराफ्यातल्या माणसाला सांगण्याजोगे वाटते. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती गुरू ‘चांगले सराफ व्हा’ असे एक वाक्य प्रभूचे म्हणून सांगत. ते येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत नाही, पण अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटपासून अनेकांनी ते दिले आहे. जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्यासी लेखकाने पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या मोशे नावाच्या गुरूच्या तोंडून त्याचा अर्थ मांडला. सराफ नाणे हाती घेतो तेव्हा आधी धातू पाहतो, ते सोनेच आहे की पितळेवर मुलामा. मग त्यावरचा छाप पाहतो, कारण सोने अस्सल असून त्यावर बंडखोराची मुद्रा असू शकते. शास्त्रवचन खरे आणि अर्थ खोटा, ही तीच गत. मग ते राजाच्या अधिकृत टांकसाळीतले आहे का हे पाहतो. शेवटी तागडीत घालतो, कारण सगळे खरे असूनही झिजून वजन घटलेले असते, आणि कॅसियन म्हणतो की चांगल्या कृत्याचे वजन घटते ते दिखाव्याच्या हव्यासाने. यिर्मयाच्या वचनाचे कार्ड मला दुसऱ्या परीक्षेत अडकते, आणि आपल्या स्वतःच्या पुष्कळ साक्षी, ज्या आपण चित्रित करून पाठवतो, त्या चौथ्या परीक्षेत.

सोबत म्हणजे बहुमत होऊ शकते हा आपला इशारा मी मनापासून घेतो. याच कॅसियनने हेरो नावाच्या वृद्ध तपस्व्याची गोष्ट सांगितली आहे. पन्नास वर्षे वाळवंटात कठोर उपवास करणाऱ्या त्या माणसाने देवदूत म्हणून आलेल्या वाणीवर विश्वास ठेवला, स्वतःच्या पुण्याईची परीक्षा म्हणून खोल विहिरीत उडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी मेला. कॅसियन कारण देतो ते असे की तो सणाच्या दिवशीही बंधूंच्या पंक्तीला येत नसे आणि आपला विचार कोणापुढे ठेवत नसे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले तेव्हाही स्तोत्रातले वचनच पुढे केले होते, आणि त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळले होते. सोबतीचे काम मते मोजण्याचे नाही. आपण गाळलेले शब्द आपल्याला परत वाचून दाखवणारे कोणीतरी हवे, एवढ्यासाठी ती आहे. ते एखादेच माणूस असले तरी चालते, आणि कधीकधी ते वारकरी घरातलेही असते.


शब्बाथशाळा_शिक्षिका

दादा, हे सर्व धाग्यापुरते राहू नये असे वाटते. आवाज आणि चेहरे आता यंत्राने तयार होतात. एका परिचित पाळकांच्या हुबेहूब आवाजातले, त्यांनी कधीही न केलेले आवाहन माझ्या वर्गातल्या मुलीकडे आले होते. तिने पाठवण्याआधी मला विचारले, एवढेच आपले सुदैव. पैशाच्या बाबतीत तर डिडाखे या अगदी प्रारंभीच्या मंडळीच्या नियमावलीतही स्पष्ट लिहिले आहे की आत्म्याने बोलतो आहे असे म्हणून जो स्वतःसाठी पैसे मागेल त्याचे ऐकू नका, गरजूंसाठी मागेल तर त्याला दोष देऊ नका. हे मुलांना पाठ करून घेण्याजोगे आहे.

महिन्यातून एका गुरुवारी आपण एकत्र बसावे असे सुचवते. प्रत्येकाने आपल्याकडे आलेला एखादा संदेश आणावा, त्यातल्या वचनाचा संपूर्ण अध्याय आधी मोठ्याने वाचावा, मगच संदेशावर बोलावे, आणि त्या रात्री कोणीही पैसे, औषध, लग्न किंवा नोकरी यांबाबत काहीही ठरवू नये. माझा वर्ग येईल.


नवा_विश्वासी

मीही येईन, आणि आईला घेऊन येईन. तिच्या प्रार्थनागटातल्या एक ताई इंदुरातल्याच आहेत असे नंतर कळले, त्यांनाही बोलावू का? फक्त त्यांना आरोपीसारखे बसवू नये, ही विनंती.


पलासियाकर (धागाकर्ता)

अवश्य बोलवा. त्यांच्याकडून आपल्यालाच पुष्कळ शिकायचे आहे, कारण त्या रात्री जागत होत्या. वाचन त्यांनीच सुरू करावे. जे आजारी आहेत आणि येऊ शकत नाहीत त्यांची नावे परिचारिकाताईंनी मला कळवावीत. आम्ही वडीलमंडळी बैठकीच्या आधीच्या दिवसांत त्यांच्या घरी जाऊन येऊ.

पहिल्या बैठकीला यिर्मया घेऊ, पण ताई, अठ्ठाविसाव्या अध्यायापासून नको, सत्ताविसाव्यापासून घेऊ. हनन्या जे जोखड मोडतो ते देवाच्या सांगण्यावरून यिर्मयाच्या मानेवर आले ते तिथे, आणि ते माहीत नसेल तर मुलांना हनन्याचेच म्हणणे अधिक विश्वासाचे वाटेल.